फाईलमधले चार फोटो

महाराष्ट्रातल्या सहा माणसांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली. दहा वर्षांनी त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले. ती दहा वर्षे ते जिवंत राहिले, एवढ्यावरच हे शक्य झाले. फाशीच्या शिक्षेबद्दल बोलताना मला कायम हाच खटला आठवतो. त्यात कोणी पुढारी नव्हता, दहशतवादी नव्हता, टीव्हीवर रोज बातमी नव्हती. साधा, रोजच्यासारखा खटला होता.

घटना ५ जून २००३ च्या रात्रीची, नाशिक जिल्ह्यातली. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. घरातली एक बाई आणि एक मुलगा वाचले. गुन्हा इतका भयंकर होता की ज्यांनी तो केला त्यांच्याबद्दल कणव वाटावी असे काहीच नव्हते. काही दिवसांनी भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे सहा जण पकडले गेले. वाचलेल्या बाईने त्यांना ओळखले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. मग राज्य सरकार त्या तिघांसाठीही फाशी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांच्या नावावर पुन्हा फाशी लागली.

इथपर्यंत पाच न्यायाधीशांनी हा खटला पाहिला होता. फाशी की जन्मठेप यावर त्यांच्यात मतभेद होते, पण ‘हेच ते’ यावर एकालाही शंका नव्हती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये, पुनर्विचार याचिकांच्या सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. तीन न्यायाधीशांनी कागद पुन्हा वाचले. त्यात एक गोष्ट होती. घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांनी त्या बाईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंची फाईल दाखवली होती आणि तिने त्यातले चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचे पुढे काय झाले? काहीच नाही. त्यांच्यावर ना आरोपपत्र, ना धड तपास. ५ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि त्या चौघांचा तपास करायला सांगितले. निकालात आणखी एक वाक्य आहे, ते आपल्या न्यायालयांच्या तोंडी फारसे ऐकू येत नाही. त्याचा आशय असा: हे आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले, अतिशय गरीब मजूर आहेत, गंभीर गुन्ह्यात निरपराध माणसे गोवली जाणे नेहमीचे आहे, म्हणून यांनाही खोटे गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे तो दोषी असता तरी त्याला फाशी देताच आली नसती.

आता कोणी म्हणेल, बघा, शेवटी न्याय झालाच ना, यंत्रणा काम करते. मला या युक्तिवादाची भीती वाटते. हातातून निसटलेली बरणी फुटली नाही म्हणून कोणी आपली पकड घट्ट आहे असे समजत नाही. म्हणून आधी पकडच पाहू, म्हणजे फाशीपर्यंतचा रस्ता कसा असतो ते.

सत्र न्यायालय फाशी देते, पण ती लगेच अमलात येत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते, आरोपीने अपील केले नाही तरीसुद्धा. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, मग पुनर्विचार याचिका, मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे गंभीर चूक दुरुस्त करण्याची त्याच न्यायालयातली शेवटची संधी. न्यायालये संपली की दयेचा अर्ज, राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे. तो फेटाळला तर कैद्याला कळवून किमान चौदा दिवस थांबावे लागते. महाराष्ट्रात फाशीची सोय नागपूरच्या आणि पुण्याच्या येरवड्याच्या कारागृहात आहे. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली, याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला नागपुरात.

ऐकायला ही चाळण फार बारीक वाटते. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वरची न्यायालये सहसा पुरावा नव्याने गोळा करत नाहीत. खाली जे कागदावर आले तेच वर जाते. पोलिसांनी जे नोंदवले नाही, पंचनाम्यात जे लिहिले नाही, गरीब आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत जे विचारले नाही, ते दिल्लीपर्यंत पोचत नाही. नाशिकच्या खटल्यात फोटो-फाईलची नोंद कागदांत होती, तरी पाच न्यायाधीशांच्या नजरेखालून ती गेली. नोंदच नसती तर? त्या सहांना वाचवायला मग काय उरले असते, हे मला खरोखर सुचत नाही.

प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष आपल्याला सर्वांत भक्कम वाटते. ती बाई खोटे बोलत होती असे मुळीच नाही. तिने जे भोगले त्यानंतर रात्रीच्या अंधारातले चेहरे पक्के लक्षात राहावेत ही अपेक्षाच फार आहे. एकदा चूक चेहरा ‘हाच’ म्हणून मनात बसला की नंतर आठवताना तोच समोर येतो. ओळखपरेड उशिरा झाली, त्याआधी पोलिसांनी फोटो दाखवला, वर्तमानपत्रात चेहरा छापून आला, की आठवणीत काय मूळचे आणि काय नंतरचे हे साक्षीदारालाही सांगता येत नाही.

दुसरा कच्चा दुवा कबुलीजबाबाचा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा मानत नाहीत. ब्रिटिशांनी हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला तो आपले पोलीस कसे काम करतात हे पाहूनच. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्कासारख्या कायद्यांनी मात्र त्यात अपवाद केला आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा जबाब चालतो असे ठरले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही, साक्षीदारांनी इतक्या महिन्यांनी चेहरे कसे ओळखले, असे प्रश्न त्या निकालात आहेत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि तिथे प्रकरण सुरू आहे, म्हणून मी त्याबद्दल शेवटचा शब्द काढणार नाही. एवढेच नोंदवतो की त्या पाचांपैकी एक जण हा निकाल ऐकायला नव्हता. तो २०२१ मध्ये तुरुंगातच वारला.

तिसरे म्हणजे साधी कागदोपत्री गफलत. पुण्यात १९९४ साली एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला, तेव्हाच्या पुणेकरांना तो आजही आठवत असेल. त्यात १९९८ मध्ये फाशी सुनावलेल्या एकाने पुढे सांगितले की मी तेव्हा लहान होतो. त्याचे राजस्थानातल्या शाळेतले नाव वेगळे होते आणि खटल्यातले वेगळे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची नोंद खरी धरली. घटनेच्या वेळी त्याचे वय होते बारा वर्षे सहा महिने. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता आणि त्यातला मोठा भाग फाशीच्या छायेत. इथे प्रश्न त्याने गुन्हा केला की नाही हा नाही. सातवीत शोभेल अशा वयाच्या मुलाला आपण फासावर चढवायला निघालो होतो आणि सर्वोच्च न्यायालयासकट कोणालाही ते कळले नाही, हा आहे.

या सगळ्या तथ्यांतल्या चुका झाल्या. कायदा लावण्यातही चुका होतात, आणि तो भाग जरा सावकाश समजून घ्यावा लागतो.

१९५५ पर्यंत आपल्याकडे खुनाला फाशी हाच नियम होता. न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर का दिली नाही याची कारणे त्याला लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटे केले. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ लिहा, असे ठरले. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनाबाह्य नाही असे सांगितले, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी असा चिमटा लावला. हे शब्द आता इतके घासले गेलेत की टीव्हीवाले कुठल्याही खुनाला ते लावतात. मूळ अर्थ असा की फक्त गुन्हा किती भयंकर हे पाहायचे नाही. गुन्हेगार कोण आहे, त्याचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता, हेही पाहायचे. आणि जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे बंद झाला असेल तरच फाशी. विरोधातले एक मत होते न्यायमूर्ती भगवतींचे. ते म्हणत होते की असे शब्द कितीही नेमके वाटले तरी शेवटी कोणाला फाशी व्हायची हे समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत यावर ठरेल.

आणि घडले नेमके तेच. डिसेंबर १९९५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने राजस्थानच्या एका खटल्यात म्हटले की शिक्षा ठरवताना गुन्हाच पाहायचा, गुन्हेगार नव्हे. पाच न्यायाधीशांनी सांगितलेल्या नियमाच्या हे सरळ विरुद्ध होते. तो माणूस फासावर गेला. पुढे अनेक पीठांनी हाच निकाल आधार म्हणून वापरला, त्यात आणखी एक जण फासावर गेला. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच कबूल केले की १९९५ चा तो निकाल चुकीचा होता आणि त्यावर उभे राहिलेले निकालही चुकले होते. त्याच चुकलेल्या आधारावर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आणखी एक निकाल दिला गेला होता. नाशिकच्या सहा जणांचा. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदला. त्या तेरांत हे सहाही होते.

त्या निवृत्त न्यायाधीशांनाही हे सहा जण निर्दोष आहेत हे ठाऊक नव्हते. ते फक्त एवढेच म्हणत होते की यांना फाशी देण्याचा कायदेशीर आधार चुकला. दोन वेगळ्या चुका एकाच फाईलमध्ये बसल्या होत्या, आणि एक सापडली तेव्हा दुसरी अजून झाकलेलीच होती.

एकाच गुन्ह्यात वेगवेगळे नशीब कसे असते त्याचे उदाहरण तर याहून जुने आहे. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात तीन सहआरोपींना सारखीच फाशी झाली, तिघांचा वाटा सारखाच मानला गेला. तिघांनी वेगवेगळ्या वेळी याचिका केल्या, त्या वेगवेगळ्या पीठांपुढे गेल्या. एकाची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. दुसऱ्याला ६ ऑक्टोबर १९८१ ला फाशी दिली. तिसऱ्याची वेळ आली तेव्हा हे लक्षात आले आणि सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने १९८२ मध्ये त्याचा जीव वाचवावा अशी राष्ट्रपतींना शिफारस केली. मधल्याचे काय? त्याच्यासाठी कोणतीही शिफारस उरली नव्हती.

जगात इतरत्रही हे घडलेले आहे. इंग्लंडमध्ये टिमोथी इव्हान्स याला १९५० मध्ये स्वतःच्या लहान मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याच घरात राहणारा, त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा भाडेकरू जॉन ख्रिस्टी हाच अनेक बायकांचा खुनी निघाला आणि १९५३ मध्ये तोही फासावर गेला. इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. ‘माफी’ हा शब्दही किती विचित्र, चूक सरकारची आणि माफी मेलेल्याला. जपानचे इवाओ हाकामाता यांना १९६८ मध्ये फाशी सुनावली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते निर्दोष ठरले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये भारतातल्या फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या ज्या फाशींचा वर निकाल लागला, त्यांतल्या पाच टक्क्यांहूनही कमी शेवटपर्यंत टिकल्या. बाकीच्या जन्मठेपेत बदलल्या किंवा माणसे चक्क निर्दोष सुटली. दुसरी गोष्ट, फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. शंभरांतल्या पंच्याण्णव वेळा ज्याचा निर्णय वर बदलतो अशा कारागिराकडे आपण साधी चप्पलही शिवायला टाकणार नाही.

फाशीच्या बाजूचे म्हणणे मला हसण्यावारी न्यायचे नाही. ज्याने लहान मुलीचे हाल करून खून केला त्याला जगण्याचा हक्क कशाला, असा प्रश्न विचारणारा माणूस क्रूर नसतो. बऱ्याचदा तो त्या मुलीचा बाप असतो. गुन्ह्याच्या मापाची शिक्षा असावी ही भावना जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. वचक बसतो हा दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधि आयोगाने २०१५ च्या आपल्या २६२ व्या अहवालात जन्मठेपेपेक्षा फाशीने जास्त वचक बसतो याला पुरावा नाही असे म्हटले आणि दहशतवाद व युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करण्याची शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही.

सर्वांत वजनदार मुद्दा तिसरा: जिथे तिळमात्र शंका नाही तिथे तरी द्या. कसाबला बंदूक घेऊन सीएसटीवर फिरताना आख्ख्या देशाने पाहिले, त्याच्याबद्दल कसली चूक? कसाबबद्दल ओळखीची चूक नव्हती हे मान्य. पण कायद्यात ‘कसाबइतका नक्की’ असा वेगळा कप्पा नाही. प्रत्येक शिक्षा ‘वाजवी शंकेपलीकडे’ या एकाच मापाने होते. नाशिकचे सहाही जण याच मापाने तीन न्यायालयांत दोषी ठरले होते, तेही प्रत्यक्षदर्शी साक्षीवर. तिळमात्र शंका नाही असे वाटणे आणि शंका नसणे यांतला फरक निकालाच्या दिवशी कोणालाच दिसत नाही. दिसला असता तर निकालच वेगळा लागला असता.

म्हणून मला वाटते की आपण सतत चुकीच्या प्रश्नावर भांडतो. हा माणूस मरायच्या लायकीचा आहे का, यावर आपण तावातावाने बोलतो, आणि असतीलही काही तसे. पण न्यायालयापुढे येतो तो ‘गुन्हेगार’ नसतो, पोलिसांनी समोर उभा केलेला कोणीतरी असतो. तो तोच आहे हे ठरवणारे हात किती भरवशाचे आहेत, हा प्रश्न आधीचा आहे. डॉ. आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत हाच धागा पकडला होता. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालू होती. ते म्हणाले की त्यापेक्षा मी फाशीच रद्द करण्याला पाठिंबा देईन.

एक अडचण मात्र मला सुटलेली नाही. हे सहा जण सुटले यात फाशीचाही हात आहे. फाशी होती म्हणून निवृत्त न्यायाधीशांनी पत्रे लिहिली, म्हणून फाईल पुन्हा उघडली. २०१४ मध्ये घटनापीठाने ठरवले की फाशीच्या पुनर्विचार याचिका बंद दालनात नव्हे तर खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायाधीशांपुढे ऐकायच्या. जन्मठेपेच्या कैद्याला हे मिळत नाही. त्यांना आधीच जन्मठेप झाली असती तर कदाचित ते अजूनही आत असते, निर्दोष आणि कोणाला ठाऊकही नसलेले. हा फाशीच्या बाजूचा मुद्दा आहे असे मी मानत नाही. जन्मठेपेच्या फायलीही कोणीतरी तितक्याच बारकाईने वाचायला हव्यात, असा त्याचा अर्थ लागतो. पण फाशी रद्द झाली की सगळे प्रश्न मिटतील असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे, माझ्यासकट.

घाईचा मुद्दाही यातच येतो. प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर ‘महिन्यात निकाल, लगेच फाशी’ अशी मागणी होते. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकातही तपास आणि खटला झटपट उरकण्याच्या मुदती आणि बलात्काराला फाशी होती. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. तपास लवकर व्हावा हे कोणाला नको आहे? पण नाशिकची चूक सापडायला सोळा वर्षे लागली. न्यायव्यवस्थेच्या ज्या दिरंगाईला आपण शिव्या घालतो, त्या दिरंगाईनेच त्यांचे प्राण वाचवले.

सुटकेबरोबर न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितले. सोळा वर्षांवर वाटून पाहा, दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये पडतात. तेही न्यायालयाने मनावर घेतले म्हणून. चुकीने तुरुंगात काढलेल्या वर्षांची भरपाई हक्क म्हणून मिळावी असा कायदा करा, असे विधि आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात सुचवले आहे. तो कायदा अजून झालेला नाही.

आणि ज्या पाच जणांचा खून झाला त्यांचे काय? त्या बाईने दोन दिवसांत चार चेहऱ्यांवर बोट ठेवले होते. त्या चौघांचा तपास करा असे सांगितले गेले तेव्हा २०१९ साल उजाडले होते.